काका फिरायला गेलेत

१

लोकांना घर विकायचं असतं, पण घरातून स्वतःला बाहेर काढायचं नसतं. चावीताईचा सगळा वैताग या एका वाक्यात मावायचा. आयुष्य या वस्तीतली घरं विकण्यात गेलं होतं, हातात किल्ल्यांचा जुडगा कायम खुळखुळत असायचा, म्हणून लहानथोर सगळे तिला चावीताईच म्हणायचे. सल्ला ती फुकट द्यायची, आणि फुकटचा म्हणून तो कोणी ऐकायचं नाही.

"भिंतीवरचे फोटो काढा," ती सांगायची.

"का म्हणून? सासूबाईंचा आहे तो."

"म्हणूनच काढा. घर बघायला येणाऱ्याला त्या भिंतीवर स्वतःची माणसं दिसली पाहिजेत."

"त्याला स्वतःची सासू दिसली तर तो घर घेईल का?" एका गृहस्थांनी अगदी गंभीरपणे विचारलं होतं. फोटो निघाले की मागे भिंतीवर फिकट चौकोन उरायचा. तोही रंगवून घ्या, म्हणून तिला दहादा सांगावं लागायचं. फिकट चौकोन दिसला की माणूस विचार करायला लागतो, इथे कोण होतं, कुठे गेलं. आणि विचार करणारं गिऱ्हाईक हातचं गेलं म्हणून समजा.

राहत्या घरांचा हा ताप, तर रिकाम्या घरांचा त्याच्या उलट. रिकाम्या घरात पाऊल टाकलं की माणसं आवाज खाली आणतात, कोपऱ्यांकडे बघतात, ओल शोधतात आणि घरी जाऊन कळवतो म्हणतात. ते कधीच कळवत नाहीत. म्हणून चावीताई भरलेल्या घरांतून माणसं काढायची आणि रिकाम्या घरांत एक माणूस घालायची.

तो माणूस तिच्याकडे एका कापडी पिशवीत असायचा. दाराशी ठेवायला घरात घालायच्या सपाता. चहाचा जाड कप. चष्मेवाल्याने टाकायला काढलेला एक चष्मा, तो उघड्या पुस्तकावर पालथा ठेवायचा. खुंटीला टॉवेल. पलंगावर एक चादर, आणि तिच्यावर आपण स्वतः जरा लोळून पाडलेल्या सुरकुत्या. हे सगळं मांडून झालं की दाराशी उभं राहून गिऱ्हाइकाला हसत सांगायचं, "मालकांचे काका राहतात इथे. आत्ताच फिरायला गेलेत. येतीलच एवढ्यात."

हे वाक्य सोन्याचं होतं. काका राहतात म्हणजे घराला हवा आहे, पाणी येतं, जिने चढवतात, शेजार बरा आहे. येतीलच एवढ्यात म्हणजे घोळ घालत बसू नका, बघा आणि ठरवा. काका सज्जन होते, टापटिपीचे होते, कोणाच्या अध्यातमध्यात नसायचे. त्यांना हलका खोकला असायचा, फिरायला जाताना ते काठी आणि टोपी घ्यायचे. गिऱ्हाईक विचारेल तसतसं चावीताईने त्यांना एवढं सगळं दिलं होतं. चेहरा तेवढा दिला नव्हता. तसं कोणी विचारलंच नाही.

२

धाकट्या बहिणीचं घर मात्र काही केल्या जात नव्हतं.

घर तसं चांगलं, पण तिसऱ्या मजल्यावर, आणि इमारतीला लिफ्ट नाही. बहिणीचा नवरा शिडीवरून पडला, खुब्याचं हाड गेलं, आणि तीन जिने चढणं त्याच्या नशिबातून उठलं. घर विकून तळमजल्यावरचं एखादं घ्यायचं, तोवर ताईकडे राहायचं, असं ठरलं. म्हणजे त्या दोघांचं ठरलं. ताईला ते सामान दाराशी आल्यावर कळलं.

चावीताईचं घर दुसऱ्या मजल्यावरच होतं, पण तिथे लिफ्ट होती, आणि हेच तिला नडलं. ती एकटी राहायची आणि हौसेने एकटी राहायची. दिवसभर लोकांच्या सासवा भिंतीवरून उतरवून संध्याकाळी ती आपल्या खिडकीजवळच्या खुर्चीत पाय वर घेऊन बसायची, आणि कोणी काही विचारायचं नाही, यासाठी तिने ते घर घेतलं होतं. आता त्या खुर्चीत मेहुणा होता. त्याचा चालायचा वॉकर दिवाणखान्याच्या मधोमध होता. टीव्ही सकाळपासून सुरू होता. बहीण तिच्या स्वयंपाकघरातले डबे आपल्या पद्धतीने लावत होती.

"ताई, मीठ वर ठेवलंय हं. खाली दमट होतं."

"इतकी वर्षं नाही झालं ते."

"तुला कळलं नसेल."

चावीताईने दात खाल्ले. त्या क्षणी तिला जगात एकच गोष्ट हवी होती. तिला तिचं घर परत हवं होतं, तिची खुर्ची, तिची संध्याकाळ. त्यासाठी बहिणीचं घर विकायला हवं होतं, आणि ते काम तिलाच करायचं होतं. मालकीण बहीण आहे हे गिऱ्हाइकांना सांगायचं नाही, आणि काकांना तिसऱ्या मजल्यावर राहायला पाठवायचं, हे तिने तिथल्या तिथे ठरवून टाकलं.

पिशवी नेऊन तिने सगळं मांडलं. सपाता दाराशी, टाचा जोडून, चवडे आतल्या बाजूला, म्हणजे माणूस बाहेरून येऊन त्यात पाय सरकवेल अशा. कप टेबलावर, तळाशी जरासा चहा ठेवून. मग दाराला कुलूप घालून ती निघून आली.

पुढच्या वेळी कोणाला तरी घर दाखवायला गेली तेव्हा कप धुतलेला होता. ओट्यावर पालथा घातला होता.

तिने गिऱ्हाइकासमोर तोंड हसरं ठेवलं. घरी आल्यावर बहिणीला फैलावर घेतलं. "तुला किती वेळा सांगितलं, तिथे जाऊन हात लावू नकोस म्हणून."

"मी कशाला जाऊ? किल्ली तर तुझ्या जुडग्यात आहे."

"मग कप कोणी धुतला?"

"धुतला तर बरंच झालं की," खुर्चीतून मेहुणा म्हणाला. "मुंग्या लागल्या असत्या."

चावीताईने मनाला समजावलं की आपणच धुतला असेल. दिवसाकाठी इतक्या घरांचे कप इतक्या ओट्यांवर होतात, कुठला धुतला आणि कुठला नाही हे कोण लक्षात ठेवणार. पुढच्या खेपेला तिने मुद्दाम लक्ष ठेवून चहा तळाशी ठेवला. त्याच्या पुढच्या खेपेला कप पुन्हा पालथा होता, आणि सपाता दाराशी नव्हत्या. त्या न्हाणीघराच्या उंबऱ्याशी होत्या, बाहेर तोंड करून, आणि ओल्या होत्या.

३

"तुमच्या काकांना जरा सांगाल का?"

समोरच्या घरातल्या बाई दार अर्धं उघडून उभ्या होत्या. या बाईंची तक्रार नसेल तो दिवस उगवायचा नाही. पाण्याच्या टाकीपासून कबुतरांपर्यंत सगळ्यांनी त्यांना छळलं होतं.

"काय झालं आता?" चावीताई म्हणाली.

"खोकतात हो. सकाळी सकाळी, भिंतीला लागून. मी काही म्हणत नाही, वय आहे. पण औषध घ्या म्हणावं."

चावीताईला आधी हसू आलं. आपलं वाक्य किती मुरलंय बघा, खोकलासुद्धा ऐकू यायला लागला. गिऱ्हाइकांना जिन्यात सांगितलेलं या बाई दाराआडून ऐकत असणार, यात शंका नव्हती. तरी ती आत जाऊन त्या भिंतीला कान लावून उभी राहिली. भिंतीत पाण्याचा नळ होता, आणि वर कोणी पाणी सोडलं की त्यातून घोगरा आवाज यायचा. झालं तर. तिचं समाधान झालं. म्हणजे, समाधान झालं असं तिने ठरवलं.

खाली उतरली तर फाटकावरचा रखवालदार स्टुलावर बसून पाय हलवत होता.

"काकांना भेटायला आला होतात का? ते आत्ताच गेले फिरायला."

चावीताईचं डोकं तडकलं. "अहो, माझीच गोळी मलाच देता का? ते मी लोकांना सांगते. गिऱ्हाइकांना. घर बरं दिसावं म्हणून."

"बरं," रखवालदार म्हणाला. तिला वाईट वाटू नये अशा स्वरात म्हणाला, आणि तेच तिला जास्त लागलं. "पण गेले एवढं खरं. मीच फाटक उघडलं. येतीलच एवढ्यात."

"कसे दिसतात ते?"

"कोण, काका?" तो हसला. "काका कसे दिसतात म्हणजे काय? काकांसारखे."

तो थट्टा करतोय, असं तिने ठरवलं. अशा लोकांच्या तोंडी लागलं की ते डोक्यावर बसतात. ती तरातरा फाटकाबाहेर आली, आणि कोपऱ्यावर पोहोचेपर्यंत एकदाही मागे बघायचं नाही असं तिने मनाशी पक्कं केलं. हे पक्कं का करावं लागलं, ते तिने स्वतःला विचारलं नाही.

४

अखेर एक चांगलं गिऱ्हाईक आलं. दातांचा डॉक्टर आणि त्याची बायको, दोघं समजूतदार, तिसऱ्या मजल्याचं त्यांना काही वाटत नव्हतं. दुपारची वेळ ठरली. नेमका मेहुण्याने त्याच वेळी वॉकरमध्ये पाय अडकवून घेतला, बहिणीने आरडाओरडा केला, आणि चावीताई निघेपर्यंत उशीर झाला.

ती धापा टाकत पोहोचली तेव्हा दोघं जिन्यातून खाली येत होती.

"माफ करा हं, घरात जरा गडबड झाली. चला, दाखवते."

"बघितलं आम्ही," बायको म्हणाली.

"काय बघितलं?"

"घर. काकांनी दाखवलं."

चावीताईने जुडगा मुठीत घट्ट धरला. किल्ली त्यातच होती. बोटांना ती लागत होती.

"घर फार छान आहे," डॉक्टर म्हणाला, "पण आम्ही नाही घेणार. तुम्हीही जरा विचार करायला हवा होता, ताई. म्हातारा माणूस, इतका सगळा नीटनेटका संसार मांडून बसलाय. त्याला उठवून आम्ही राहायचं, हे काही पटत नाही."

"काय म्हणाले ते तुम्हाला?" तिचा आवाज चढला. भीती वाटायला हवी होती, पण आला तो राग. इतक्या दिवसांनी आलेलं गिऱ्हाईक, आणि ते कोण घालवतंय तर तिच्याच पिशवीतला माणूस.

"तसं काही नाही. चहा विचारला. खोल्या दाखवल्या. तुमच्याबद्दलही चांगलंच बोलले," बायको म्हणाली. "जाताना एवढंच म्हणाले, इथून तिथे, तिथून आणखी कुठे, नेहमी मलाच हलवतात. मला एकदा तरी विचारायचं."

"दिसायला कसे होते?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. "उंच," बायको म्हणाली, आणि त्याच वेळी नवरा म्हणाला, "मध्यम." मग टोपी होती यावर त्यांचं एकमत झालं. डॉक्टर जिन्यात थांबून आठवत राहिला, आणि आठवता आठवता त्याच्या कपाळाला आठी पडली.

"गंमत आहे," तो म्हणाला. "माणूस हसला की मी आधी दात बघतो, सवयच आहे. हे तर माझ्याकडे बघून चांगले हसले. पण दात आठवत नाहीत. तोंडच आठवत नाही."

ती दोघं गेली. चावीताई वर गेली. कुलूप जसंच्या तसं लागलेलं होतं. तिने ते उघडलं आणि दारातच उभी राहिली. घरात नुकतंच कोणीतरी वावरून गेल्याचा वास होता, साबण आणि चहा. टेबलावर तीन कप होते. तिने पिशवीतून आणला होता एकच. पुस्तक जिथे उघडं ठेवलं होतं तिथे नव्हतं, बरंच पुढे उघडलेलं होतं, शेवटाला थोडीच पानं उरली होती. पलंगावरच्या सुरकुत्याही तिने पाडलेल्या नव्हत्या. तिने पाडलेल्या सुरकुत्या अंदाजाने पाडलेल्या असायच्या. या एकाच कुशीवर होत्या, भिंतीकडे तोंड करून झोपणाऱ्या माणसाच्या.

ती आत गेली नाही. दाराशीच उभं राहून तिने रिकाम्या खोलीला सुनावलं, "हे बघा, मला माझं घर परत हवंय. त्यात तुम्ही आडवे येऊ नका."

आतल्या खोलीत पलंग हलकेच करकरला, बसलेला माणूस उठावा तसा. मग सगळं शांत झालं. लाकूड उन्हाने ताणलं जातं आणि सावली आली की करकरतं, हे ती गिऱ्हाइकांना नेहमी सांगायची.

५

दुसऱ्या दिवशी तिने कामवाल्या बाईला सोबत नेलं आणि सगळं पिशवीत भरलं. कप, चष्मा, पुस्तक, टॉवेल, चादर, सपाता. सपातांचे तळवे झिजले होते. नव्या घेतल्या होत्या त्या, पण स्वस्तातल्या होत्या. पिशवी तिने आपल्या घरी माळ्यावर फेकली. रिकामं तर रिकामं, म्हणाली, विकेन नाहीतर भाड्याने देईन, पण ही थेरं पुरे झाली.

आणि आता नेमकं गिऱ्हाईक आलं. एक शिवणकाम करणारी बाई, एकटी, भरपूर उजेड हवा होता तिला, आणि तिसऱ्या मजल्यावर उजेडच उजेड होता. तिने खिडक्या उघडून पाहिल्या, मशीन कुठे ठेवायचं तेही ठरवलं. चावीताईच्या जिवात जीव आला.

तेवढ्यात बाई म्हणाली, "समोरच्या सांगत होत्या, इथे एक काका राहायचे. ते कुठे गेले?"

चावीताईच्या धंद्यात एक नियम होता आणि तो तिने कधी मोडला नव्हता. राहणारा माणूस गेला असं सांगायचं नाही. गेला म्हटलं की गिऱ्हाईक विचारतं कुठल्या खोलीत, आणि मग त्या खोलीत ते पाय टाकत नाही. नव्हतेच म्हणावं, तर समोरच्या बाई दाराला कान लावून उभ्या असणार. चावीताई हसली, आणि तोंडातून अगदी सवयीने निघालं, "आमचेच काका ते. मी त्यांना माझ्याकडे घेऊन गेले."

"हो का? बरं केलंत. पण म्हातारी माणसं दुसऱ्याच्या घरात रमत नाहीत हो."

इथे गप्प बसली असती तरी चाललं असतं. पण विकणाऱ्या माणसाची जीभ शेवटच्या पायरीवर थांबत नाही. "दुसऱ्याचं कसलं?" चावीताई म्हणाली. "माझं घर म्हणजे त्यांचंच घर. अगदी मालकासारखे राहतात."

बाईच्या चेहऱ्यावरची काळजी गेली. घर तिने घेतलं.

त्यानंतर सगळं भराभर झालं. बहिणीला तळमजल्यावरची जागा मिळाली, वॉकर गेला, टीव्हीचा आवाज गेला. निघताना बहिणीने ताईच्या गळ्यात पडून डोळे पुसले, आणि मीठ वरच राहू दे म्हणून बजावलं. दार लागलं. चावीताईने पहिलं काम केलं ते मीठ खाली ठेवलं. मग ती खिडकीजवळच्या खुर्चीत पाय वर घेऊन बसली. उशीला मेहुण्याच्या तेलाचा वास होता, पण तो जाईल. इतकी शांतता होती की तिला गहिवरून आलं. माझं घर, ती मोठ्याने म्हणाली. म्हणून बघितलं, बरं वाटलं.

६

चावीताईच्या दारासमोरच्या घरात एक निवृत्त मास्तर राहायचे. जिन्यात भेटले की हवापाणी बोलायचे, त्यापलीकडे काही नाही. एका सकाळी ती कामाला निघाली तेव्हा ते लिफ्टशी उभे होते.

"तुमचे काका फार भला माणूस," मास्तर म्हणाले. "मला तर सोबतच झाली."

चावीताईचा हात जुडग्यावर थांबला. "माझ्याकडे कोणी काका नाहीत."

"म्हणालेच होते ते," मास्तर समजुतीने हसले. "पुतणी जरा तापट आहे, म्हणाले. पण मनाने चांगली."

ती तशीच परत घरात गेली. स्टूल घेऊन माळ्यावर चढली. पिशवी होती. तिने ती उचलली, आणि उचलतानाच कळलं की रिकामी आहे. मग ती सगळं घर फिरली, पलंगाखाली वाकून पाहिलं, न्हाणीघरात पाहिलं. कुठे काही नव्हतं. कप धुतलेले होते, पण ते तिनेच धुतले होते. बहिणीने जाताना सपाता आणि टॉवेल उचलून नेला असेल, तिला चांगलं वाईट काही कळत नाही. बहिणीला फोन करून भांडावं असं तिला फार वाटलं. केला नाही. ती नाही म्हणाली असती तर पुढे काय करायचं, ते ठरत नव्हतं.

त्या संध्याकाळी परत आली तेव्हा तिच्या घराचं दार उघडं होतं. उंबऱ्याशी एक तरुण जोडपं बूट घालत होतं.

"काय हवंय?" तिने विचारलं.

"घर बघायला आलो होतो," मुलगी म्हणाली. चेहरा खुलला होता तिचा. घर आवडल्याचा चेहरा चावीताईला लांबूनही ओळखता यायचा. "तुम्हीही बघायला आलात का? मग घाई करा बाई. आम्हाला फार आवडलंय."

"कोणी दाखवलं?"

"काकांनी. त्यांचंच आहे ना. ते आत्ताच फिरायला गेले, म्हणाले निवांत बघा आणि दार ओढून घ्या."

"आणि इथे राहतं कोण?" तिने हा प्रश्न का विचारला, तिला कळलं नाही. उत्तर तिला पाठ होतं.

"त्यांची पुतणी," मुलगा म्हणाला. "एकटीच असते, टापटिपीची आहे. आत्ताच बाहेर गेलीय. येईलच एवढ्यात."

ती दोघं लिफ्टमध्ये शिरली. चावीताई आत गेली आणि दार लावून घेतलं.

दाराशी तिच्या सपाता होत्या, टाचा जोडून, चवडे आतल्या बाजूला. टेबलावर तिचा कप, तळाशी जरासा चहा. खुर्चीच्या हातावर पुस्तक उघडं, त्यावर तिचा वाचायचा चष्मा पालथा. खुंटीला तिचा टॉवेल. पलंगावरची चादर ती सकाळी ओढून गेली होती, तिच्यावर आता बेताच्या, बघणाऱ्याला बऱ्या वाटतील अशा सुरकुत्या होत्या. बहिणीबरोबरचा तिचा फोटो भिंतीवरून काढलेला होता. मागचा फिकट चौकोनही कोणीतरी रंगवून घेतला होता, आणि काम इतकं सफाईदार होतं की तिने स्वतः याहून चांगलं करून घेतलं नसतं.

आपण खरोखर राहतो तिथेच आपण राहतो असं मांडून दाखवलेलं होतं. तिला रडू फुटायला लागलं, आणि रडण्याचाही राग आला.

जिन्यातून काठी वाजत वर येत होती. सावकाश, पायरीपायरीने, मधे थांबून एक हलका खोकला. लिफ्ट असताना. चावीताईने आतली कडी चाचपली. कडी नेहमीच्या जागी होती, पण ती सरकली की नाही हे तिला बोटांवरून कळेना. तिने दारातल्या भिंगाला डोळा लावला.

आधी कठड्यावर हात आला. मग टोपी, मग दाराकडे पाठ असलेला एक माणूस. त्याने पायपुसण्यावर नीट पाय पुसले. मास्तरांचं दार उघडलं, आणि मास्तर चांगल्या माणसाकडे बघून हसावं तसे हसले.

"या काका. पुतणी आली का हो घरी?"

"आत्ताच बाहेर पडली," तो म्हणाला. आवाजात घाई नव्हती. "येईलच एवढ्यात."

"मी घरात आहे," चावीताई म्हणाली. मग ती ओरडून म्हणाली, "मास्तर, मी इथे आहे, घरात आहे मी." मास्तरांनी मान हलवली, पण ती काकांच्या बोलण्याला हलवली. ते आत गेले, त्यांचं दार लागलं.

मग तो दाराकडे वळला, आणि भिंगातून तिने क्षणभर पाहिलं. टोपीच्या खाली, हनुवटीच्या वर, तिथे जखम नव्हती, काही भयंकर नव्हतं. फोटो काढून घेतल्यावर भिंतीवर उरतो तसा नुसता फिकटपणा होता, जिथे तिने कधी काही ठेवलंच नव्हतं.

तिने डोळा काढला. दारापलीकडे किल्ल्यांचा जुडगा खुळखुळला. तो आवाज तिच्या ओळखीचा होता, इतका की आधी तिला वाटलं तो आपल्याच हातातून येतोय. तिने हाताकडे पाहिलं. हात रिकामा होता. बाहेर एकेक किल्ली बाजूला होत होती, न चुकता, सवयीच्या माणसाला या घराची किल्ली शोधायला लागतो तेवढाच वेळ घेत.